तपासणीचे पैसे द्या, पार्टचे वाचतील

कापूस वेचणीचे दिवस. घाटंजी, राळेगाव किंवा आर्णीच्या एखाद्या गॅरेजवाल्याचा फोन सकाळी सहालाच वाजतो. "मिस्त्रीभाऊ, सेल्फ तर घेऊन राहिली, पण गाडी काही चालू होऊन नाही राहिली." बॅटरी उतरली का, असं मिस्त्री विचारतो. "नाही ना भाऊ, खणखणीत फिरते." दारात कापूस भरलेली जुनी डिझेल जीप उभी, जिनिंगच्या फाटकावर रांग लागलेली, मजूर ताटकळलेले. पुढचा प्रसंग बहुतेकांच्या ओळखीचा आहे. ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी गॅरेजात येते. नोझल गेले असतील म्हणून नोझल उतरतात, मग पंप उतरतो, मधेच नवी बॅटरीही बसते. संध्याकाळी कळतं की टाकीकडून फिल्टरकडे येणारा रबरी पाइप चिरला होता आणि पंप डिझेलऐवजी हवा ओढत होता. पाइप फार तर दोनशे रुपयांचा, पण बिल काही हजारांचं.

यात मिस्त्री लबाड असतो असं मानायचं कारण नाही. गाडीवाला पैसे कशाचे देतो ते आधी पाहावं. पार्टचे देतो, पार्ट बसवण्याच्या मजुरीचे देतो, दोष शोधण्याचे मात्र देत नाही. एखाद्या कारागिराने तासभर डोकं लावून एक सैल वायर हुडकली आणि तीनशे रुपये मागितले, तर "नुसती वायर तर जोडली" हे त्याला ऐकून घ्यावं लागतं. त्यानेच आठ हजारांचा पार्ट बदलला, तर मजुरीवर कोणी कुरकुर करत नाही. डॉक्टर गोळी देवोत न देवोत, तपासणीची फी आपण मुकाट्याने ठेवतो. गॅरेजात ती ठेवायची पद्धत नाही आणि जुन्या गाड्यांवर होणाऱ्या फुकट खर्चाचं मूळ तिथे आहे.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात हा खर्च किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही. सोळा तालुक्यांचा हा जिल्हा. एका बाजूला वणी, दुसऱ्या बाजूला उमरखेड, आणि जिल्ह्याच्या ठिकाणापासून दोन्ही सुमारे शंभर किलोमीटरवर. शकुंतला रेल्वेची अरुंद वाट बंद पडलेली. वर्धा-नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला, पण जिल्ह्याची ये-जा अजून रस्त्यावरच चालते. एसटीची फेरी चुकली की गावाला आधार असतो तो जुन्या कमांडरचा, ट्रॅक्सचा, टाटा ४०७चा, नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा. पंधरा-वीस वर्षांची गाडी इथे कोणी हौसेने ठेवत नाही. तिच्यावर दवाखाना, बाजार, बियाणं आणि मुलांची परीक्षा अवलंबून असते. ती एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाची मजुरी बुडते, शिवाय दुसऱ्याच्या गाडीचं भाडं भरावं लागतं.

म्हणून ही तक्रार नीट समजून घेणं गरजेचं आहे. इंजिन फिरवणं आणि इंजिनात इंधन पेटवणं ही दोन वेगळी कामं आहेत. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग या अभियंत्याने आधी बॅटरी, कॉइल आणि पॉइंटवर चालणारी ठिणगीची व्यवस्था उभी केली. नंतर त्याचाच विजेवरचा स्टार्टर १९१२च्या कॅडिलॅक गाड्यांवर आला आणि हँडल मारायचं काम सुटलं. आता गाडीची चावी एका वेळी दोन हुकूम देते, एक फिरण्याचा आणि एक पेटण्याचा. पहिला पाळला गेला आणि दुसरा नाही, तर सेल्फ फिरत राहतो आणि गाडी चालू होत नाही. तपासायचा तो दुसरा हुकूम. तो कुठे अडला हे क्रमाने पाहिलं, तर जुन्या गाडीचा दोष बहुतेक वेळा अंगणातच सापडतो.

पहिली तपासणी कानाची. सेल्फ मारताना इंजिन नेहमीच्या वेगाने, भरीव आवाजात फिरतंय का? रेंगाळत, धापा टाकत फिरत असेल, तर बाकी काही उघडायच्या आधी बॅटरी आणि तिची टोकं बघावीत. याउलट इंजिन एकदम हलकं, सरसर फिरत असेल आणि गाडी मारुती ८०० किंवा इंडिकासारखी टायमिंग बेल्टची असेल, तर बेल्ट तुटल्याची शंका घ्यावी आणि तिथेच हात थांबवावा. अशा गाडीला ढकलून किंवा पुन्हा पुन्हा सेल्फ मारून चालू करायला गेलं, तर विशेषतः डिझेल इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि बेल्टचं काम हेडच्या कामावर जातं.

बॅटरीबद्दल एक गैरसमज पक्का बसला आहे. सेल्फ फिरला म्हणजे बॅटरी ठीक, असं धरून चाललं जातं. साधा मल्टिमीटर लावला तर वेगळं दिसतं. पूर्ण चार्ज झालेली, रात्रभर उभी असलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ला ती अर्ध्यावर आलेली असते. सेल्फ मारत असताना हा आकडा साडेनऊ-दहाच्या खाली गेला, तर स्टार्टर कसाबसा फिरतो, पण कॉइलला, हीटर प्लगला किंवा इंजिनाच्या कॉम्प्युटरला पुरेसा दाब उरत नाही. डिझेल इंजिनाला तर वेगच लागतो. मिनिटाला साधारण दीडशे-दोनशे फेऱ्या मिळाल्या नाहीत, तर दाबलेल्या हवेची उष्णता सिलिंडरच्या भिंतीतच जिरते. बॅटरी चांगली असूनही दाब पडत असेल, तर टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा गंज आणि चॅसिसला आवळलेली अर्थिंगची पट्टी पाहावी. नवी बॅटरी घ्यायला निघालेल्या कित्येकांचं काम पाना, पॉलिश पेपर आणि पाच मिनिटांत होतं.

आता डिझेल गाडी. ग्रामीण भागात तीच जास्त आणि तिथेच अंदाजपंचे काम जास्त. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसतो. रुडॉल्फ डिझेलचं यशस्वी इंजिन १८९७ साली चाललं तेव्हापासून तत्त्व एकच आहे. हवा इतकी दाबायची की ती पाचशे अंशांच्या पुढे तापावी, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारायचं. म्हणजे दोनच प्रश्न उरतात. डिझेल पोहोचतंय का, आणि पोहोचलं तर पेटण्याइतकी उष्णता तयार होतेय का?

या दोन प्रश्नांचा निकाल सायलेन्सरच्या तोंडाशी लागतो. एकाने सेल्फ मारावा, दुसऱ्याने मागे उभं राहून पाहावं. काहीच धूर येत नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत जातच नाही. पांढरट, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा धूर येत असेल, तर डिझेल जातंय पण पेटत नाही. या तपासणीला एक रुपया लागत नाही आणि तीच बहुतेक वेळा टाळली जाते.

धूर नसेल तर टाकीपासून पुढे जावं. काटा डिझेल आहे असं दाखवतो, पण जुना काटा खोटंही सांगतो, म्हणून टाकीत काडी घालून पाहावी. जुन्या ट्रॅक्टरला इंजिन बंद करण्यासाठी ओढायची स्टॉपची दांडी असते. ती ओढून ठेवलेली राहिली, किंवा तिची वायर गंजून परत जागेवर आली नाही, तर पंप डिझेल सोडतच नाही. काही जीपांत हेच काम पंपावरचा सोलेनॉइड करतो. चावी फिरवल्यावर त्याचा 'टक्' असा आवाज यायला हवा. आवाज नसेल तर टेस्ट लॅम्प लावून तिथे करंट येतो का ते पाहावं. अनेकदा सोलेनॉइड शाबूत असतो आणि फ्यूज उडालेला असतो.

यानंतर हवा, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत 'एअर घेणं'. फिल्टरवरचा छोटा स्क्रू दोन आटे सैल करून हातपंप दाबला की आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग डिझेलची सलग धार. धार सलग झाली की स्क्रू आवळायचा. गाडी चालू झाली म्हणून बहुतेक जण इथे थांबतात, पण खरं निदान इथून पुढे आहे. हवा आत आली कुठून? संध्याकाळी नीट चाललेली गाडी सकाळी उठत नसेल, एअर काढल्यावर दिवसभर चालत असेल आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच रडगाणं असेल, तर रात्री लाइनमधलं डिझेल टाकीकडे परत उतरतंय आणि त्याची जागा हवा घेतेय हे नक्की समजावं. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये हातभर पारदर्शक नळी जोडली की चोर दिसतो. इंजिन फिरत असताना नळीत मोत्यांसारखे बुडबुडे धावताना दिसले, तर गळती या नळीच्या आधी, टाकीच्या बाजूला आहे. मग एकेक जोड, तांब्याचे वॉशर, रबरी पाइप आणि फिल्टरची रिंग तपासत मागे जायचं. सक्शनच्या बाजूची गळती बाहेर थेंबभरही डिझेल सांडत नाही, आणि म्हणूनच ती वर्षानुवर्षं लपून राहते.

धूर आहे पण गाडी पकडत नाही, अशा वेळी हीटर प्लग पाहावेत. यवतमाळच्या पठारावर डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे चांगलीच थंडी पडते, आणि दोन हीटर प्लग जळालेले असले की ज्या गाड्यांना ते लागतात त्यांची सकाळ अवघड होते. चारही प्लग एकदम बदलायची गरज नाही. मीटरने एकेकाचा रोध पाहिला की मेलेला कोणता ते दोन मिनिटांत कळतं. इथे एक धोक्याची सवय सुटायला हवी. एअर फिल्टरच्या तोंडाशी पेटता बोळा धरणं किंवा पेट्रोलचं फडकं लावणं, हे हीटर प्लग असलेल्या इंजिनात स्फोटाला निमंत्रण आहे. हात भाजतात आणि इंजिनही फुटू शकतं.

एवढं झाल्यावरच पंप आणि नोझलकडे वळायचं. महाराष्ट्राला या वस्तू परक्या नाहीत. १९५१ साली सुरू झालेल्या मायको कंपनीचा नोझल बनवणारा कारखाना नाशिकला आला आणि शहरातल्या एका चौकालाच मायको सर्कल म्हणू लागले. २००८पासून कंपनी बॉश नावाने ओळखली जाते, पण विदर्भातल्या जुन्या मिस्त्रीच्या तोंडी पंप अजून 'मायको'च असतो. या पंपाची घडण इतकी बारीक असते की तो रस्त्याकडेच्या धुळीत उघडणं म्हणजे तो बिघडवणं. त्याला टेस्ट बेंचच हवा. चांगला पंप केवळ संशयावरून उघडला जाणं हा जुन्या डिझेल गाडीवरचा सगळ्यात महागडा अन्याय आहे.

पेट्रोल गाडीचं गणित थोडं वेगळं. तिथे ठिणगी, पेट्रोल, कॉम्प्रेशन आणि या तिघांची वेळ अशा चार गोष्टी पाहाव्या लागतात. पहिल्यांदा एक प्लग काढून हातात घ्यावा. तो कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल येत नाही. ओला आणि पेट्रोलच्या वासाचा असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगी नाही, किंवा चोक ओढून ओढून इंजिन पेट्रोलने तुंबलंय. तुंबलेल्या इंजिनाला अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारला की जादा पेट्रोल निघून जातं. ठिणगी तपासताना प्लगची धातूची बाजू इंजिनाला टेकलेली हवी आणि आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नको. निळसर, कडक आवाजाची ठिणगी चांगली. पिवळी, मरतुकडी ठिणगी दिसली तर कॉइल, कंडेन्सर आणि पॉइंट पाहावेत. ॲम्बेसेडर, पद्मिनी आणि जुन्या ८००च्या मालकांना पॉइंट साफ करून अर्ध्या मिलिमीटरच्या आतला गॅप ठेवणं सरावाचं होतं. ती पिढी आता गॅरेजांतून निवृत्त होतेय आणि तिच्याबरोबर हे हातही जात आहेत.

इथला मे महिना या गाड्यांची खरी परीक्षा घेतो. पारा ४४-४५वर गेला की इंजिनावर बसवलेल्या पेट्रोल पंपातच पेट्रोलची वाफ होते, वाफ पंपाला ओढता येत नाही, आणि घाट चढून आलेली गाडी चहाला थांबवली की पुन्हा चालू होत नाही. पंपावर ओलं फडकं ठेवायची जुनी युक्ती शास्त्राला धरूनच आहे. पण तापल्यावर कॉइलही असाच दगा देते आणि गार झाल्यावर सुधारते. दोन्हींतला फरक गाडी बंद पडली त्याच क्षणी ठिणगी पाहूनच कळतो. अर्ध्या तासाने दोन्ही दोष पुसले जातात आणि मिस्त्रीला सगळं ठीकच दिसतं. म्हणून दोष कधी येतो, गार असताना की तापल्यावर, पावसात की उन्हात, हे गाडीवाल्याने नेमकं सांगितलं तर अर्धं काम होतं. आठवत नसेल तर लिहून ठेवावं.

पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत दमट हवा साचते आणि ठिणगी प्लगकडे जायच्या ऐवजी वाटेतच गळते. टोपी उघडून कोरड्या फडक्याने पुसली की गाडी उठते. पुराची गोष्ट मात्र निराळी. जुलै २०२३च्या अतिवृष्टीत महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पाण्याने वेढलं आणि लोकांच्या सुटकेसाठी हेलिकॉप्टर मागवावं लागलं. अशा पुरानंतर दारात चिखलाने माखलेल्या गाड्या उभ्या असतात आणि पहिला मोह सेल्फ मारून पाहण्याचा होतो. तो आवरलाच पाहिजे. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची वायर काढायची, प्लग किंवा नोझल उतरवून पाणी बाहेर काढायचं, ऑइल आणि फिल्टर बदलायचे आणि मगच इंजिन फिरवायचं. पूरग्रस्त गावात पंचनाम्याला जाणाऱ्या प्रत्येकाने एवढी एक सूचना दिली, तरी कित्येक इंजिनं वाचतील.

घरात सोयाबीन-तुरीची पोती आली की उंदीर येतात आणि पडवीत उभ्या गाडीच्या वायरी कुरतडतात. वायर वरून शाबूत दिसते, आतली तार तुटलेली असते. काल बरी चाललेली गाडी आज एकाएकी मेली तर बॉनेटखाली लेंड्या आणि कुरतडलेलं प्लास्टिक शोधणं हीसुद्धा रीतसर तपासणीच आहे.

पेट्रोलही बदललं आहे. देशभर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि त्यासाठी न बनवलेल्या जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, डायफ्रॅम आणि गॅस्केट लवकर खराब होऊ शकतात. काही जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर असे रबरी भाग बदलावे लागू शकतात, हे केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५मध्ये सांगितलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. दोन-तीन महिने उभ्या गाडीच्या टाकीत पुरेसं पाणी शिरलं, तर इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतं, आणि पंप तळातूनच ओढतो. वापर कमी असलेल्या जुन्या गाडीत पेट्रोल थोडंच, पण ताजं ठेवणं आणि बंद पडल्यावर बाटलीभर काढून ते दोन थरांत फुटलंय का हे पाहणं आता मिस्त्रीच्या सवयीत यायला हवं.

गेल्या वीस वर्षांतल्या गाड्याही आता जुन्या झाल्या. त्यांना पॉइंट नाहीत, सेन्सर आहेत. चावी 'ऑन' केल्यावर टाकीकडून दोन सेकंद पंपाचा गुंजारव ऐकू आला पाहिजे. नाही आला तर आधी फ्यूज आणि रिले पाहावेत, पंप नंतर. चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह डॅशबोर्डवर लुकलुकत राहिलं तर इमोबिलायझरने गाडी अडवली आहे. क्रँक सेन्सर गेला तर कॉम्प्युटरला इंजिन फिरतंय हेच कळत नाही, म्हणून तो ठिणगीही देत नाही आणि इंधनही नाही. स्कॅनर इथे उपयोगी आहे, पण त्यावर उमटणारा कोड तपासणीची दिशा सांगतो, निकाल देत नाही. सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सर बदलला आणि दोष निघाला त्याच्या वायरीत, असं वारंवार घडतं. आणि कॉमन रेल डिझेल गाडीत जुन्या सवयीने नोझलचा पाइप सैल करून पाहू नये. जुन्या इंजिनात तिथे शे-दोनशे बार दाब असायचा. या गाड्यांत तो हजार-दीड हजार बारच्या पुढे जातो आणि डिझेलची तार कातडीत घुसून बोट गमवायची पाळी येते.

या सगळ्यानंतर राहते ती कॉम्प्रेशनची तपासणी, आणि गाडी ठेवायची की मोडीत काढायची हे तिच्यावरच ठरायला हवं. धडधाकट पेट्रोल इंजिन साधारण १० ते १२ बार दाखवतं, डिझेल इंजिन २५ ते ३०च्या आसपास. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल, तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावं. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. चारही सिलिंडर तळाला गेले असतील तर मिस्त्रीने स्पष्ट सांगावं की या इंजिनावर आता पार्ट बदलत बसू नका.

सरकारी धोरणामुळे हा निर्णय अधिक गंभीर झाला आहे. ऑगस्ट २०२१मध्ये केंद्राने वाहन मोडीत काढण्याचं धोरण जाहीर केलं. एप्रिल २०२२पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ५ हजार रुपये झाली आणि ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ती १० हजारांवर गेली. धूर ओकणाऱ्या, ब्रेक सुटलेल्या गाड्या रस्त्यावरून जाव्यात यात वाद नाही. पण एक फ्यूज, एक पाइप किंवा एक रिले यांच्यापायी उभी राहिलेली गाडी कोणी तपासलीच नाही म्हणून भंगारात जावी, हे ना गाडीवाल्याच्या हिताचं ना देशाच्या. याच जिल्ह्यात १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं झेडडी वाफेचं इंजिन यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावर सत्तर वर्षांहून अधिक काळ धावलं आणि एप्रिल १९९४मध्ये निवृत्त झालं. त्याच्या मागे इंजिन जाणणारे, दर फेरीनंतर ते तपासणारे कामगार होते.

तसे हात आता जाणीवपूर्वक घडवावे लागतील. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मेकॅनिक मोटार व्हेइकलचा दोन वर्षांचा आणि मेकॅनिक डिझेलचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. यवतमाळ, पुसद, वणी, पांढरकवडा इथल्या शासकीय संस्थांनी याच्या जोडीला आधीच गॅरेज चालवणाऱ्या मिस्त्रींसाठी उन्हाळ्यात, खरिपाची धांदल सुरू व्हायच्या आत, फक्त दोष शोधण्याचा छोटा वर्ग घ्यावा. मुद्दाम बिघडवून ठेवलेली गाडी द्यायची, हातात मीटर आणि टेस्ट लॅम्प द्यायचा, आणि एकही पार्ट न बदलता दोष लेखी सांगायला लावायचा. पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३पासून थांबली आहे. त्या तोडण्याआधी काही इंजिनं या संस्थांना सरावासाठी देण्याची वाट शासनाने काढावी. उस्तादाच्या हाताखाली शिकलेल्या ज्या मिस्त्रींकडे कागद नाही, त्यांच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्राच्या कौशल्य योजनेत आहेच. ती जिल्ह्याच्या गॅरेजांपर्यंत आणायला हवी.

मिस्त्रींनीही एक करावं. गॅरेजात पाटी लावावी, 'तपासणी फी वेगळी'. आणि प्रत्येक बंद गाडीमागे एक कागद द्यावा. सेल्फ मारताना बॅटरी किती व्होल्ट होती, धूर होता का, डिझेल किंवा ठिणगी कुठवर आली, कॉम्प्रेशन मोजलं असेल तर किती, आणि म्हणून कोणता पार्ट बदलायचा. पाच ओळी पुरे. असा कागद देणाऱ्या मिस्त्रीवर गिऱ्हाईक विश्वास ठेवतं आणि पुढचा दोष शोधताना तोच कागद त्याच्या स्वतःच्याही कामी येतो.

बाकीचं गाडीवाल्यांच्या हातात आहे. पुढच्या वेळी सेल्फ फिरला आणि गाडी चालू झाली नाही, तर दहा सेकंदांपेक्षा जास्त चावी धरून ठेवू नका, मधे स्टार्टरला मिनिटभर विसावा द्या. सायलेन्सरचा धूर पाहा, टाकीत काडी घाला, स्टॉपची दांडी आणि फ्यूज बघा. गॅरेजात गेल्यावर "काय बदलायचं?" हा प्रश्न दुसरा ठेवा. पहिला प्रश्न "काय तपासलं?" हा असू द्या. जुना पार्ट परत मागा, पक्कं बिल घ्या, फसवणूक झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर सांगा. आणि ज्या मिस्त्रीने एकही पार्ट न बदलता दोष सापडवून दिला, त्याच्या हातावर तपासणीचे पैसे घासाघीस न करता ठेवा.